इकेबाना आणि घरातल्या वनस्पतींचे अर्थ : नियम कोणते आणि सवयी कोणत्या?

निशिगंध
नमस्कार मंडळी. मी पुण्यात इकेबाना, म्हणजे फुले-फांद्या मांडण्याची जपानी कला शिकते. आमच्या वर्गात तिच्यातल्या सोगेत्सु या परंपरेची पद्धत शिकवतात. तिच्यात शिन, सोए आणि हिकाए अशा तीन मुख्य फांद्या असतात आणि त्यांच्या लांबीचे व कलाचे माप ठरलेले असते. भांड्याचा व्यास आणि उंची यांच्या बेरजेच्या दीडपट शिन, तिच्या पाऊणपट सोए आणि सोएच्या पाऊणपट हिकाए; मूळ उभ्या रचनेत शिन उभ्या रेषेपासून १५ अंशांनी कललेली, सोए ४५ आणि हिकाए ७५ अंशांनी. हा हिशेब आता हाताला बसला आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझा प्रश्न वनस्पतींच्या अर्थाचा आहे. पाइन म्हणजे दीर्घायुष्य, बांबू म्हणजे वाकूनही न मोडणारा स्वभाव, बर्फ असतानाच फुलू लागणारा उमे (जपानी प्लम) म्हणजे धीर, कॅमेलिया रुग्णाकडे नेऊ नये, असे संकेत मी सगळीकडे वाचते. प्रत्यक्षात आम्ही मार्केट यार्डातून बाराही महिने मिळणारे जर्बेरा, अँथुरियम आणि ड्रेसिनाची पाने आणतो, ज्यांना जपानी परंपरेत असा कोणताही जुना अर्थ नाही. उलट माझ्या घरात बेल, शमी, दूर्वा, तुळस यांना स्वतःचे अर्थ आहेत, आणि शोभेच्या रचनेत बेलाची फांदी लावलेली सासूबाईंना चालणार नाही, हे मला न विचारताही ठाऊक आहे. मग इकेबाना करताना अर्थ कोणाचे पाळावेत? आणि कोणतेच पाळले नाहीत तर जे उरते त्याला इकेबाना म्हणावे का?

ओंजळ
निशिगंध, प्रश्न आवडला. मी तोक्योत निशी-कासाईला राहते. माझ्या शेजारच्या आजी दर आठवड्याला दारातल्या कोनाड्यात फुले बदलतात, आणि त्यांच्याकडून मला एक गोष्ट कळली : त्या अर्थाचा विचार फारसा करतच नाहीत, त्या तारखेचा विचार करतात. नववर्षाला पाइन, बांबू आणि नंदिनाची लाल फळे. ३ मार्चला बाहुल्यांच्या सणासाठी पीचच्या फांद्या. ५ मेला आयरिस. ७ जुलैला चिठ्ठ्या बांधलेला बांबू. ९ सप्टेंबरला शेवंती. शरदातल्या पौर्णिमेला सुसुकी गवताचे तुरे लावून समोर तांदळाच्या पिठाचे गोळे मांडतात. ही पौर्णिमा तिथीने बहुधा आपली भाद्रपदातली असते, म्हणजे कोजागिरीच्या आधीची.

अर्थ या दिवसांमध्येच मुरलेला आहे. पाइन एप्रिलमध्ये लावला तर तो नुसता पाइन असतो, पण १ जानेवारीला लावला की त्याच्यामागे सगळे नववर्ष उभे राहते. त्यामुळे मला वाटते, आधी ऋतू पाळावा आणि अर्थाची चिंता नंतर करावी.

कोयरी
पण मग पुण्यात ३ मार्चला पीच आणायचा कुठून?

रानवाट
ओंजळ यांच्या यादीत वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला राहवणार नाही असा एक धागा आहे. ५ मेला जपानी घरात आयरिसची फुले मांडतात हे खरे, पण त्या दिवशी आंघोळीच्या पाण्यात जी पाने टाकतात ती आयरिसची नसतात. ते शोबु, म्हणजे अकोरस कॅलॅमस, म्हणजेच आपले वेखंड. आपण बाळाला उगाळून देतो तेच. दोन्हींची पाने तलवारीसारखी लांब आणि टोकदार असल्यामुळे नावांची व उपयोगाची सरमिसळ झाली. वेखंडाचा उग्र वास रोगराई आणि अमंगळ दूर ठेवतो अशी तिथली समजूत आहे, आणि आपल्याकडेही बाळंतिणीच्या खोलीत वेखंड असतेच.

यातून मला असे दिसते की वनस्पतींचे घरगुती अर्थ बहुतेक वेळा वनस्पतीच्या गुणातूनच निघतात. हिगानबाना ही शरद संपाताच्या सुमारास फुलणारी लाल लिली घ्या. ती घरात आणू नये, आणली तर आग लागते, असे जपानमध्ये म्हणतात, आणि ती स्मशानाच्या कडेने व भातखाचरांच्या बांधावर दिसते. तिचा कंद विषारी असतो. उंदीर-घुशींनी बांध आणि कबरी उकरू नयेत म्हणून लोकांनी ती तिथे लावली. मुलांनी ती घरी आणून तोंडात घालू नये यासाठी आगीची भीती फार उपयोगी पडली असणार. निशिगंध, तुम्ही अर्थ ‘पाळायचा की नाही’ असे विचारता. मी म्हणेन, तो आधी तपासावा.

शमीपत्र
मला या सगळ्या चर्चेचा सूर थोडा अडचणीचा वाटतो. ज्या सोगेत्सु परंपरेत निशिगंध शिकत आहेत, ती सोफु तेशिगाहारा यांनी १९२७ मध्ये सुरू केली तीच मुळी जुन्या संकेतांना कंटाळून. कोणीही, कुठेही, केव्हाही आणि कोणत्याही साहित्यातून रचना करू शकतो, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी वाळलेली मुळे, लोखंड, दगड वापरले. त्यांचे चिरंजीव हिरोशी चित्रपट दिग्दर्शक होते आणि पुढे त्या परंपरेचे प्रमुख झाले. त्यांनी चिरलेल्या बांबूंच्या अशा प्रचंड रचना उभारल्या की माणूस त्यांच्यातून चालत जाई. तिथे बांबूचा ‘न मोडणारा स्वभाव’ वगैरे कोणी शोधत बसत नाही. दिसतो तो बांबूचा ताण, त्याची वक्ररेषा आणि तिच्यामुळे बांधली गेलेली पोकळी.

आपण मराठी माणसे कर्मकांडातून सुटण्यासाठी एखादी परकी कला हाती घेतो आणि लगेच तिच्यातही विधिनिषेध शोधू लागतो. जर्बेरा सुंदर आहे, तो लावा. रेषा, वस्तुमान आणि रंग यांवर लक्ष द्या.

पाणवठा
शमीपत्र, तुमचे सोफुंबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. मी मुंबईत बरीच वर्षे ही कला शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इकेबानाचा उगम बुद्धाला वाहिलेल्या फुलांत आहे. सहाव्या शतकात बौद्ध धर्म कोरिया-चीनमार्गे जपानला पोहोचला तेव्हा पुष्पार्पणाची भारतीय प्रथाही त्याच्याबरोबर गेली. क्योतोतल्या रोक्काकु-दो मंदिराच्या पुजाऱ्यांच्या घराण्याकडे पुढे ही कला आली. तेच इकेनोबो घराणे. १४६२ सालच्या एका भिक्षूच्या दैनंदिनीत नोंद आहे की इकेनोबो सेनकेई यांनी डझनावारी फांद्यांची एक रचना केली आणि ती पाहायला क्योतोतले रसिक लोटले. देवापुढची फुले त्या काळापर्यंत पाहण्याचीही वस्तू झाली होती, याचा तो पुरावा आहे.

सोळाव्या शतकात, १५४२ च्या सुमारास, इकेनोबो सेन्नो यांनी जे लिहून ठेवले ते मला फार मोलाचे वाटते. नुसती सुंदर फुले भांड्यात घालणे पूर्वीपासून चालत आले आहे, पण आपल्या परंपरेने वठलेल्या फांदीलाही जागा दिली, आणि थोडेसे पाणी व लहानशी फांदी यांतून विस्तीर्ण नद्या-डोंगर समोर आणता येतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. त्यांच्या दृष्टीने अर्थ फांदीला चिकटवलेला नसतो. ती फांदी कशी वाढली, वारा कोणत्या बाजूने लागला, ऊन कुठून आले, हे सारे तिच्या वळणात दिसते आणि रचनाकाराने ते दिसू द्यायचे असते.

कमळाची रचना याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. इकेनोबो परंपरेत कमळ लावताना किडलेले, करपू लागलेले पान, पूर्ण उघडलेले पान आणि अजून गुंडाळलेले कोवळे पान अशी तिन्ही घेतात. फुलांतही कळी, उमललेले फूल आणि बीजकोश. भूत, वर्तमान आणि भविष्य एकाच भांड्यात. हा अर्थ समजायला कोणताही कोश लागत नाही, तलाव नीट पाहिलेला असला की पुरे. आपण मात्र पूजेला कमळ आणताना डागाळलेले पान आधी खुडून टाकतो, आणि पूजेत ते योग्यही आहे.

आता जर्बेरा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पाश्चात्त्य फुले जपानमध्ये आली, त्यांचे देठ आखूड होते आणि जुन्या उंच फुलदाण्यांत ती बसेनात. तेव्हा ओहारा उन्शिन यांनी पसरट, उथळ भांडे घेतले आणि मोरिबाना ही पद्धत आणली. म्हणजे परक्या फुलासाठी परंपरा बदलली हे खरे. मात्र त्यांच्याच परंपरेत निसर्गदृश्याची रचनाही आहे, आणि तिच्यात एकाच ठिकाणी, एकाच ऋतूत वाढणाऱ्या वनस्पतीच एकत्र येतात. नवे फूल घेतले म्हणून ऋतू सोडला, असे कोणी केले नाही.

शमीपत्र
पाणवठा, उत्तराबद्दल आभार. वठलेल्या फांदीचा मुद्दा मान्य. तरीही कॅमेलियासारख्या समजुती या चौकटीत बसत नाहीत. कॅमेलियाचे फूल पाकळ्या न गाळता अख्खे गळून पडते, म्हणून शिरच्छेदाची आठवण, म्हणून सामुराई ते टाळत, असे सांगतात. ही निव्वळ भीती आहे.

पाणवठा
सामुराई टाळत असत हे सरसकट खरे नाही. तोकुगावा घराण्याचा दुसरा शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी शासक, हिदेतादा हा कॅमेलियाचा मोठा शौकीन होता आणि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या फुलाचे अक्षरशः वेड पसरले होते. चहाविधीत तर नोव्हेंबर ते एप्रिल या थंडीच्या काळात कॅमेलियाची कळी हे मानाचे फूल आहे. रुग्णाकडे नेत नाहीत, कारण गळून पडणे त्याला पाहावे लागू नये. कुंडीतले झाडही रुग्णाकडे नेत नाहीत, कारण ते मूळ धरते आणि आजाराने मूळ धरू नये अशी इच्छा असते. याला मी भीती म्हणणार नाही, समोरच्या माणसाच्या मनाची काळजी म्हणेन.

कोयरी
गळून पडलेल्या फुलाचा विषय निघाला म्हणून लिहिते. आपल्याकडे जमिनीवर पडलेले फूल देवाला चालत नाही, प्राजक्त मात्र चालतो, कारण तो गळूनच मिळतो. एका बाजूला अख्खे गळणे अशुभ, दुसऱ्या बाजूला गळणे हाच त्याचा मान. दोन्हीकडे लोकांनी फुलाची सवय अगदी बारकाईने पाहिलेली दिसते.

मोगरी
विषय शेवंतीवर आणू का? नवऱ्याच्या कंपनीतले जपानी सहकारी दिवाळीत घरी जेवायला येणार आहेत. पांढऱ्या शेवंतीच्या माळा आणि रांगोळीभोवती पांढरी शेवंती असा माझा बेत होता. तिकडे पांढरी शेवंती अंत्यविधीला वापरतात असे ऐकले, तेव्हा काय करावे?

ओंजळ
मोगरी, पांढरी आणि पिवळी शेवंती तिथे अंत्यविधीत आणि पूर्वजांच्या वेदीवर असते, हे खरे आहे. पण सोळा पाकळ्यांची शेवंती सम्राटांच्या घराण्याचे चिन्हही आहे आणि ९ सप्टेंबरला तिच्या पाकळ्या साके या तांदळाच्या मद्यात घालून दीर्घायुष्याची इच्छा करतात. त्यामुळे फूल अशुभ आहे असे मुळीच नाही, संदर्भ पाहिला जातो. तुमच्या घरी ते पाहुणे आहेत. दिव्यांच्या प्रकाशात झेंडू आणि शेवंती एकत्र पाहून त्यांना हा आपला सण आहे हे सहज कळेल. फक्त निघताना त्यांच्या हाती पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ देऊ नका.

मांडवी
मी गोव्याची. पाणवठाताईंनी ऋतूबद्दल लिहिले ते वाचताना मला आमची माटोळी आठवली. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला सुपारीचे घड, नारळ, तोरंजन आणि रानातून आणलेली कांगले, घागऱ्यो अशी फळे-फुले बांधतात. यातले अर्धे साहित्य बाजारात एरवी दिसतही नाही, त्यासाठी पावसात रानात जावे लागते, आणि कोणते झाड कुठे आहे हे घरातल्या जाणत्या माणसालाच ठाऊक असते. तिला इकेबाना म्हणायचे नाही हे मला समजते, कारण माटोळी देवासाठी असते आणि भरगच्च असते, तिच्यात रिकामी जागा राखायची नसते. पण ‘या आठवड्यात आपल्या रानात काय आहे’ हा प्रश्न दोन्हींच्या मुळाशी आहे. निशिगंधताई, पीच शोधण्यापेक्षा हा प्रश्न विचारला तर?

रानवाट
मांडवी, अगदी नेमके बोललात. पुण्याच्या आसपास हे सहज करता येते. जपानमध्ये शरदातल्या सात वनस्पतींचा गट जुन्या काव्यापासून ठरलेला आहे. हागी, सुसुकी, कुझु, नादेशिको, ओमिनाएशी, फुजिबाकामा आणि किक्यो. यांतली बहुतेक बागेची नाहीत, माळरानाची आणि डोंगरउताराची आहेत. आपल्याकडे पाऊस ओसरताना काशाचे पांढरे तुरे, कुर्डू, तेरडा आणि सोनकी याच वृत्तीने उभी असतात. काशाचे तुरे तर सुसुकीच्या इतके जवळचे दिसतात की रचनेतही तेच काम करतील. एक विनंती मात्र आहे : कासच्या पठारासारख्या संरक्षित जागेतून एक काडीही तोडू नका. रस्त्याकडेचे, पडीक शेतातले, मालकाला विचारून घेतलेले तेवढेच घ्या.

दवबिंदू
मला खर्चाबद्दल विचारायचे आहे. प्रत्येक पायरीला प्रमाणपत्र, प्रत्येक प्रमाणपत्राला शुल्क, आणि वर प्रमुख घराणे. एवढे करून शिकवणाऱ्याला तरी अर्थ सांगण्याचे स्वातंत्र्य असते का?

पाणवठा
दवबिंदू, घराण्याच्या प्रमुखाला इएमोतो म्हणतात आणि प्रमाणपत्रे त्याच्या नावाने निघतात. खर्च होतो, आणि वरच्या पायऱ्यांना बराच होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. शिकवण्यासाठी ती लागतात. घरी आनंदाने रचना करण्यासाठी लागत नाहीत. अर्थाबद्दल विचाराल तर वरून कोणी अर्थांची यादी पाठवत नाही. माझ्या शिक्षिका फांदी हातात देऊन एवढेच विचारत असत की हिची ऊन खाणारी बाजू कोणती.

कोयरी
एक व्यवहाराची अडचण. उन्हाळ्यात रचना चार तासांत मान टाकते, मग अर्थ कोणताही असो.

पाणवठा
देठ पाण्याखाली धरून कापा. याला मिझुगिरी म्हणतात. हवेत कापला की देठातल्या नलिकांत हवा शिरते आणि पाणी वर चढायचे थांबते. कापल्यावर रचनेआधी काही तास खोल पाण्यात ठेवा, पाण्याखाली जाणारी पाने काढा, कात्री धारदार ठेवा, आणि काट्यांची बैठक, म्हणजे केन्झान, दर वेळी घासून धुवा. जाड, लाकडी फांदीच्या टोकाला उभी चीर द्या.

शमीपत्र
मी माझे मत थोडे बदलतो. पुण्यात सिंहगड रस्त्यावर जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली पु. ल. देशपांडे उद्यान ही बाग आहे. तिथे मी अनेकदा जातो आणि कधीही कोणत्या झाडाचा अर्थ काय असे मनात आलेले नाही, तरीही पाणी, दगड आणि मोकळी हिरवळ यांची मांडणी काहीतरी सांगते हे जाणवते. वाढीचा आणि ऋतूचा अर्थ मला मान्य आहे, कारण तो डोळ्यांना दिसतो. ‘अमुक फूल म्हणजे अमुक भावना’ अशी सूची मात्र मला अजूनही नको आहे.

निशिगंध
सर्वांचे मनापासून आभार. माझ्या मूळ प्रश्नाच्या दोन भागांपैकी दुसऱ्याचे उत्तर मला बऱ्यापैकी मिळाले : जपानी संकेत पाळले नाहीत तरी इकेबाना उरते, ऋतू आणि झाडाची वाढ सोडली तर ती उरत नाही. म्हणून यापुढे वर्गाचा सराव वगळता घरी बारमाही फुले आणायची नाहीत असे मी ठरवते आहे. फाल्गुनात निष्पर्ण पळसाची फुललेली फांदी, वैशाखात बहाव्याचा घोस, श्रावणात तेरडा, आणि थंडीत शेवंती.

पहिला भाग अजून शिल्लक आहे. बेल, शमी, दूर्वा यांचे काय? त्या आपल्या ऋतूच्या आणि आपल्या मातीच्याच आहेत, आणि शमीच्या फांदीची रेषा तर विलक्षण सुंदर असते.

पाणवठा
निशिगंध, जपानमध्येही हाच भेद आहे. घरातल्या शिंतो देव्हाऱ्यासाठी साकाकी आणि बौद्ध विधींसाठी शिकिमी या सदाहरित फांद्या ठरलेल्या आहेत, आणि दिवाणखान्यातल्या रचनेसाठी लोक सहसा त्यांच्याकडे वळत नाहीत. त्या सुंदर नाहीत असे नाही. त्यांचे काम ठरलेले आहे एवढेच. माझ्या घरी मी हाच नियम ठेवला आहे. बेल, तुळस आणि दूर्वा देवाकडे. शमीबद्दल घरोघरी वेगळे असते, तेव्हा सासूबाईंना सरळ विचारा. त्या नको म्हणाल्या तर बाभळीची वाकडी फांदी घ्या, रेषेत ती शमीच्या तोडीस तोड आहे.

रानवाट
बाभूळ घेताना काटे आधी कापून घ्या आणि पिवळ्या फुलांची फांदी हवी असेल तर पावसाळ्याच्या शेवटापासून शोधायला लागा. पळसासाठी मात्र फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबावे लागेल. त्याची फुले लवकर झडतात, तेव्हा कळ्या अधिक असलेली फांदी निवडा.

निशिगंध
सासूबाईंना विचारले. शमी दसऱ्यापर्यंत नको, नंतर चालेल म्हणाल्या. पाणवठाताई, शमीसाठी उथळ भांडे घेऊ की उंच?

पाणवठा
उंच घ्या. शमीची फांदी बाजूला झुकते, तिला खाली यायला जागा लागते. सोबत पिवळ्या शेवंतीची दोनच फुले, तोंडाशी अगदी जवळ.